जड ब्रेकचा ट्रक

आमच्या ह्यांनी बरी चालती पिकअप देऊन हा म्हातारा ट्रक दारात आणून उभा केला, तेव्हा मी हातातली काच खाली न ठेवताच विचारलं, "ह्याला पेन्शन किती मिळते?"

एरवी माझ्या टोमण्यांवर हसणारा माणूस. त्या दिवशी हसले नाहीत. केबिनमधून उतरले, मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला, ट्रकच्या फुगलेल्या हिरव्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "जुना आहे, पण फसवणारा नाही."

आमचं काचेचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे फरशीचं अंगण, वर दोन खोल्या. काच कापते मी. ती गाडीत घालून न्यायची, माणसाच्या खिडकीत बसवायची आणि हातपाय शाबूत घेऊन परत यायचं हे काम ह्यांचं. माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर वर्षभरातच काच कापायची हिरकणी माझ्या हातात दिली. मुलाचा हात उचलायला चांगला, कापायला नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते ते मुलासमोरच सांगायचे. तोवर त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता. साखरेचा आजार. खुर्चीत बसून ते मला रेघ कशी ओढायची ते शिकवायचे आणि मधेच नसलेला पाय खाजवायला खाली हात न्यायचे. हे तेव्हा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, कंटाळा आला असेल.

बाजारात ह्यांना सगळे सावकाशराव म्हणतात. काच उचलताना "सावकाश", जिना चढताना "सावकाश", गाडी मागे घेताना स्वतःलाच "सावकाश". आमची मुलगी झाली तेव्हा नर्स तिला ह्यांच्या हातात द्यायला आली, तर हे नर्सलाच म्हणाले, "सावकाश." त्या बाईने नंतर मला विचारलं होतं की तुमचे मिस्टर डॉक्टर आहेत का.

दुकानाचा एक नियम आहे, सासऱ्यांनी घातलेला. काच लागली की लागलेल्याने मोठ्याने ओरडायचं, "काच!" मग गिऱ्हाईक असो, मालक असो, जो जिथे आहे तो तिथेच थांबणार. पाऊल उचलायचं नाही. कारण कपची कधी एकटी पडत नाही. एक पायात गेली म्हणजे तिच्या बहिणी आसपास आहेत. सगळी जमीन झाडून, ओल्या फडक्याने पुसून झाली की मगच हलायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही. आमची लेक तीन वर्षांची असताना ताटात नावडती भाजी दिसली की "काच!" ओरडायची आणि सगळं घर पुतळ्यासारखं उभं राहायचं. आता ती बाराची आहे, आणि तिची शाळा गावातल्या मोठ्या उताराच्या तळाशी आहे. तेव्हा हे रोज सकाळी तिला गाडीत बसवून सोडायचे, मग पुढे काचा पोचवायला जायचे. संध्याकाळी परत घेऊन यायचे.

तर, पिकअपची गोष्ट. ती गाडी काही फार जुनी नव्हती, पण वापरून चोथा झालेली होती. पुढचा बंपर तारेने बांधलेला. समोरच्या पट्टीवर सारखा कुठला ना कुठला दिवा पेटायचा आणि तो का पेटला ते गाडी कुणाला सांगायची नाही. मिस्त्री आपला संगणक जोडायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हिच्या मनात काय आहे ते हिलाच माहीत." तरी चालत होती. कधीमधी जवळच्या कामाला मीही चालवायचे. स्टिअरिंग बोटाने फिरायचं.

मग एक दिवस हे त्याच उतारावरून खाली येत असताना गाडी थांबलीच नाही. लेकीला आधीच सोडून हे काच न्यायला घरी आले होते आणि पुन्हा निघाले होते, एवढी देवाची कृपा. शाळेच्या फाटकासमोर बेकरी आहे. तिच्या भिंतीवर गाडी जाऊन आदळली आणि भिंतीला टेकलेलं बाकडं मोडलं. त्या बाकड्यावर एक पेन्शनर आजोबा रोज सकाळी पाव घेऊन बसायचे. नेमके ते सुट्टे मागायला आत गेले होते. ह्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. घरी आले ते पांढरेफटक. "ब्रेक लागलाच नाही," एवढंच म्हणत राहिले. "दाबला, दाबला, आणि गाडी पुढेच."

मिस्त्रीने चारी चाकं उघडली. ब्रेकमध्ये काही दोष नाही म्हणाला. मी त्याला तोंडावर आंधळा म्हटलं. माझा नवरा आयुष्यात कधी कुणाला धक्का न देणारा माणूस, तो काय खोटं बोलतोय? मग तो बिचाराही म्हणाला, ह्या नव्या गाड्यांचं काही सांगता येत नाही, सगळा कारभार वायरींचा. बाजाराने ते लगेच उचललं. ज्याच्या त्याच्याकडे आपापल्या गाडीच्या भुताची गोष्ट निघाली. त्या आठवड्यात मीही दहा जणांना सांगितलं असेल की ती पिकअप आम्हाला खाणार होती.

म्हणून ट्रकवर मी चिडले, पण फार चिडता येईना. बर्फाच्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाकडे हा ट्रक कित्येक वर्षं उभा होता. त्याला भाच्यासाठी नवी गाडी हवी होती, ह्यांना जुनी. अदलाबदल झाली. बर्फवाला म्हणे जाताना ट्रकच्या दारावर थाप मारून रडला. मी म्हटलं, रडेल नाही तर काय, भाचा आता ती पिकअप चालवणार आहे.

ट्रक माझ्या वडिलांच्या वयाचा. दार लावायला दोन हात लागत. स्टिअरिंग परातीएवढं. पट्टा नाही, धडकेत फुगणारी हवेची उशी नाही, बसायला एक सरळसोट बाकडं. जमिनीतून वर आलेले लोखंडी पेडल, आणि ब्रेक इतका जड की मी पहिल्यांदा दाबून पाहिला तेव्हा पेडल नाही, मीच सीटवरून वर उचलली गेले. "हा ब्रेक आहे की व्यायामशाळा?" मी विचारलं.

"तेच तर," हे म्हणाले. "दाबला की कळतं, दाबला म्हणून."

मला ते वाक्य तेव्हा साधं वाटलं.

माझं लक्ष दुसरीकडेच होतं. ट्रकची पुढची काच दोन तुकड्यांची, सपाट, आणि ती साधी काच होती. काचवालीच्या डोळ्यांना हे लगेच दिसतं. हल्लीच्या गाड्यांची पुढची काच फुटली तरी जागच्या जागी चिकटून राहते. ही फुटली असती तर हातभर सुरे होऊन आत आली असती, आणि आत ह्यांच्या शेजारी माझी पोर बसायची. त्या रात्री मला झोप लागली नाही. रविवारी मी दोन्ही काचा काढायला लावल्या. मधे चिकट पडदा असलेली दुहेरी काच घेतली, दोन्ही अंगांनी रेघ ओढली, तोडली, आतला पडदा पात्याने कापला आणि स्वतः रबरात बसवली. हे बाजूला उभे राहून "सावकाश" म्हणत होते. मी म्हटलं, "मी सावकाशच आहे. तुम्ही हा हत्ती सावकाश चालवा म्हणजे झालं."

आणि गंमत म्हणजे चालवत होते. मागच्या हौद्यात घोडा, म्हणजे काच तिरपी उभी करायची लाकडी चौकट, पक्की बसवली. पिकअपमध्ये शेवटी शेवटी ह्यांचा चेहरा ओढलेला असायचा, घरी आले की शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ट्रक आल्यापासून माणूस शीळ घालू लागला. भीती सगळी माझ्या वाट्याला आली. संध्याकाळी ट्रक आमच्या गल्लीत वळला की दुकानातल्या उभ्या काचा आधी कुरकुरायच्या. तो आवाज येईपर्यंत माझा जीव टांगणीला. कधी उशीर झाला की मी उगाच एखादी काच कापायला घ्यायचे आणि रेघ वाकडी जायची. काच घाबरलेल्या हाताला बरोबर ओळखते.

त्या दिवसांत ह्यांच्या काही गोष्टी मला दिसत होत्या, आणि मी त्यांच्यावर विनोद करत होते. एकदा हे दुकानात आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी अंगणात पडली होती आणि ह्यांना पत्ता नव्हता. मी म्हटलं, "सावकाशराव, अर्धे आलात, उरलेले कधी येणार?" गिऱ्हाइकं हसली, हेही हसले. जिना उतरताना हे पायऱ्यांकडे बघत उतरायला लागले होते, कठडा धरून. मी म्हटलं, वय झालं. अंघोळीचं पाणी इतकं कढत घ्यायचे की पाय लालबुंद. आणि शेजारणींना मी मोठ्या अभिमानाने सांगायचे की आमच्या ह्यांना वर्षभरात एकदाही काच लागली नाही. मी ओरडते, लेक ओरडते, हे कधीच नाही. अनुभव म्हणतात तो हा.

त्या दिवशी हे लेकीला शाळेत सोडून, जवळची दोन कामं उरकून परत आले, कारण मोठा आरसा न्यायचा होता. शिंपीणबाई तो घ्यायला दुकानात येऊन उभ्या होत्या. हे अंगणातून शीळ घालत आत आले, माझ्या मागून गेले, कपाटातून दोरी घेतली. मी वळून पाहिलं, तर फरशीवर लाल ठसे. अंगणाच्या दारापासून कपाटापर्यंत. एक पाऊल कोरडं, एक पाऊल ओलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काच!"

शिंपीणबाईंना नियम माहीत होता. त्या जागच्या जागी थिजल्या. हेही थांबले, दोरी हातात, एक पाऊल अर्धवट उचललेलं. काळजीने इकडेतिकडे बघत ह्यांनी विचारलं, "कुणाला लागली?"

  त्यांनी आधी शिंपीणबाईंच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या. मग माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हळूहळू स्वतःच्या पायाकडे.

"अरे," हे म्हणाले. दुसऱ्याच्या बुटाला चिखल लागलेला दिसावा तसं.

शिंपीणबाईंना मी नंतर या म्हटलं. ह्यांना बाकावर बसवून तळवा मांडीवर घेतला. चपलेचा तळ फोडून कपची आत शिरली होती, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. चिमट्याने ओढली तर रक्ताची धार लागली, आणि हा माणूस वरती मला सांगत होता की शिंपीणबाईंचा आरसा दुपारी स्वतः नेऊन देईन. पाय त्यांचाच आहे हे त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं. तळव्यावर जुने व्रणही होते, मी कधी न पाहिलेले. टाचेला भाजल्याचा डाग. करंगळीच्या मागे काळपट, ओली जखम.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"अहो, माझ्याशी खेळू नका. पायातलं कधी गेलं?"

ते बराच वेळ दोरीची गाठ सोडवत बसले. गाठ नव्हतीच तिथे. मग म्हणाले, "पिकअपचा ब्रेक कुठाय ते कळेनासं झालं होतं मला. लोण्यासारखा मऊ होता तो. पाय ब्रेकवर आहे का अ‍ॅक्सिलरेटरवर, काही कळायचं नाही. बघून ठेवायचो. खाली बघायचं, मग वर बघायचं."

"आणि बेकरी?"

"बेकरीला मी ब्रेकच दाबत होतो. म्हणजे, मला वाटत होतं. गाडी थांबेना म्हणून आणखी दाबला." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "ते आजोबा आत गेले होते म्हणून."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या ओठांपर्यंत आली होती. मी ती गिळली. सगळ्या बाजाराने, मिस्त्रीने, मी, आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्या गाडीला दोष दिला होता. ह्यांनी तो देऊ दिला.

"म्हणून हा ट्रक?"

"म्हणून हा ट्रक." आता त्यांचा आवाज जरा सुटला. "अगं, ह्याचा ब्रेक पायानं दाबायचाच नसतो, मांडीनं दाबायचा. गुडघ्याला कळतं, कमरेला कळतं. तळवा मेला तरी चालतं. बघतेस ना तू, किती नीट चालवतोय. एक ओरखडा नाही."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"बाबांना नेलं होतं मीच," हे म्हणाले. "रिक्षातून उतरले तेव्हा दोन पाय होते."

 मला भीती वाटत होती, पण आता ती ट्रकची नव्हती. वर्षभर मी ज्या लोखंडाला भीत होते त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं. जो माणूस साऱ्या जगाला सावकाश म्हणत हिंडतो, त्याच्या हातात मी रोज सकाळी पोर देत होते. मी जखम धुतली, फडकं बांधलं आणि म्हटलं, आताच्या आता डॉक्टर.

"शाळा सुटायची वेळ होईल. आज अर्धीच शाळा आहे. आधी पोरीला घेऊन येतो, मग जाऊ. तू म्हणशील तिथे जाऊ." ते उठलेसुद्धा. "ह्या ट्रकचा ब्रेक मला कळतो. शपथ घेऊन सांगतो."

"मला दाखवा," मी म्हटलं.

अंगणात ट्रक ठोकळ्यावर उभा होता. हे केबिनमध्ये बसले, किल्ली हातात. मी दार उघडं ठेवून खाली पायरीवर बसले, पेडलांच्या अगदी समोर. इंजिन बंदच.

"ब्रेक," मी म्हटलं.

पाय उचलला, पेडलवर आला. मांडी ताठ झाली. पेडल कण्हत खाली गेलं. "बघ," हे म्हणाले.

"अ‍ॅक्सिलरेटर." पाय सरकला, बरोबर जागी. "ब्रेक." पुन्हा बरोबर. "सोडा. ब्रेक." पुन्हा बरोबर. खरं सांगते, मला आशा वाटायला लागली. असं असेल तर काहीच बदलायला नको, दुकान आहे तसं चालेल, ह्यांची शीळ चालू राहील. मी स्वतःलाच पटवत होते की माणूस शहाणा आहे, ह्याने उपाय शोधलाय. वाटलं उठावं, किल्ली फिरवू द्यावी आणि म्हणावं, जा, घेऊन या पोरीला.

पण मी ज्या जागी बसले होते तिथून मला दिसत होतं, प्रत्येक वेळी पाय हलवायच्या आधी ह्यांची नजर खाली येत होती. अगदी चोरून. उतारावर कोण देतं खाली बघायला?

"समोर बघा," मी म्हटलं. "आणि बोला माझ्याशी. कालची ती जिन्याची खिडकी, बसली का नीट?"

"ती? अगं, ती चौकटच तिरकी आहे," हे समोर बघत सांगायला लागले, रंगात येऊन. "सुताराला म्हटलं, बाबा, काच सरळ आहे, तुझं लाकूड पिऊन आलंय. तर तो मलाच म्हणतो..."

"ब्रेक!"

पाय दाणकन खाली आला. मांडी ताठ, गुडघा थरथरतोय, मानेची शीर वर आली. नजर समोर, अंगणाच्या भिंतीवर.

पाय जमिनीवर होता. दोन पेडलांच्या मधल्या उघड्या पत्र्यावर. ब्रेकचं पेडल त्याच्या शेजारी, वीतभर उंच, तसंच्या तसं उभं.

"दाबला?" मी विचारलं. 

"दाबलाय."

"पूर्ण?"

"पूर्ण. ह्याच्यापुढे जातच नाही ना." चेहऱ्यावर समाधान होतं. "आता डोंगर कोसळला तरी गाडी हलणार नाही."

 मी त्यांचा हात धरला आणि हळूच खाली नेला, त्यांच्याच पायावर ठेवला. त्यांनी पाय चाचपला. मग पायाखालचा पत्रा. मग हात बाजूला गेला आणि पेडलला लागला. तो हात पेडलवर वर-खाली फिरत राहिला. सासऱ्यांचा हात असाच खाली जायचा, ते मला तेव्हा आठवलं, आणि ह्यांनाही आठवलं असणार, कारण ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मग ह्यांनी किल्ली काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"पोरीला आणायला तू जा," हे म्हणाले.

मी चालत गेले. उतारावर आले तर खाली फाटक उघडलं होतं आणि सगळी पोरं एकदम रस्त्यावर सांडली होती. कुणी बुटाची नाडी बांधतंय, कुणी भांडतंय, कुणी रस्त्यातच बसलंय. बेकरीपुढे नवं बाकडं आलं होतं आणि आजोबा त्यावर पाव खात बसले होते.  मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. लेक धावत वर आली आणि म्हणाली, "आई, ट्रक कुठाय?" मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, सोड, मैत्रिणी बघतायत.

डॉक्टरने करंगळी घेतली, पाय राहिला. महिनाभर पट्ट्या, गोळ्या, पथ्य. तळव्यातलं गेलेलं परत येणार नाही म्हणाला, आणि गाडी बंद म्हणजे बंद. रोज झोपायच्या आधी लेक टॉर्च घेऊन ह्यांचे तळवे तपासते. काही दिसलं की ती ह्यांच्या वतीने ओरडते, आणि आम्ही सगळे थांबतो. ह्यांना आता विचारावं लागतं, खरंच लागलीय का गं?

बाजाराने सल्ला दिला, ट्रक विका, हलकी गाडी घ्या. बर्फवाल्याच्या भाच्याने आमची पिकअप केव्हाच दुसऱ्याला दिली होती. म्हणजे जी गाडी मला चालवता येत होती ती गेली, आणि जी कुणालाच झेपत नाही ती माझ्या गळ्यात पडली. ह्याला म्हणतात नशीब. ह्यांनीच शिकवला मला ट्रक, शेजारी बसून. माझ्या मनगटात काचेचं बळ आहे, स्टिअरिंग वळलं. ब्रेकला मात्र मला सीटवरून उठून जवळजवळ उभं राहावं लागतं. रोज सकाळी किल्ली फिरवायच्या आधी मी तीनदा ब्रेक दाबून बघते. लोक म्हणतात सवय होईल. मला सवय व्हायला नकोच आहे.

परवा सकाळी आम्ही उतार उतरत होतो. लेक मधे, हे पलीकडे, मागे घोड्यावर दोन मोठ्या काचा. फाटकाच्या जरा अलीकडे एक पोरगं चेंडूमागे धावत रस्त्यात आलं. मी ब्रेकवर उभी राहिले. काय ओरडले ते आठवत नाही. ट्रक आचके देत, किंचाळत थांबला. काचा खणखणल्या, फुटल्या नाहीत. पोरग्याने चेंडू उचलला आणि तो गेला. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी बाजूला पाहिलं. ह्यांनी पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरला होता. मांडी ताठ, गुडघा थरथरतोय, मानेची शीर वर आलेली.

"अहो," मी म्हटलं, "तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले. "ह्या वेळी माहीत आहे."

पण पाय काढला नाही. लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागून हॉर्न वाजायला लागले. वाजू देत म्हटलं, आणि आम्ही तिघं जरा वेळ तशीच बसून राहिलो.